‘थोडा वेळ गेला’ म्हणजे किती?

आलेलं पत्र, थोडक्यात:

‘मॅडम, मी बालरोगतज्ज्ञ आहे. एका अध्यापन रुग्णालयात दोन वर्षं काम करते आहे. अर्धी ड्युटी इमर्जन्सीत, अर्धी नवजात अतिदक्षता कक्षात. गेल्या महिन्यात एका रात्री एक बाळ जन्मलं ते निपचितच. रडलं नाही, श्वास नाही. योग्य मापाचा मास्क शोधण्यात थोडा वेळ गेला. मग मी बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून आणि त्याला जोडलेली पिशवी दाबून, श्वास दिला आणि बाळ रडलं. सकाळी मात्र मला संशोधनाचे फॉर्म भरायला बसवलं. समोर रकाने आणि वरच्या मजल्यावर ती बाळं. मला लाज वाटली. आता विभागप्रमुख म्हणतात, इथेच अध्यापक म्हणून राहा, आठवड्यातले दोन दिवस संशोधन आणि शिकवणं. दुसरीकडे एका लहान रुग्णालयाने पूर्णवेळ बोलावलं आहे. तिथे नवजात बाळं पाहणारं दुसरं कुणी नाही. संशोधन म्हणजे रुग्णांपासून पळणं नाही का? धापा टाकणाऱ्या मुलाच्या आईची सही घ्यायची आणि उपचार कोणता ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, हे मला पाप वाटतं. आणि दर महिन्याला वीस सिस्टरांना तोच मास्क धरायला शिकवण्यापेक्षा मी स्वतः तिथे असणं बरं नाही का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. – एक डॉक्टर’

प्रिय डॉक्टर,

तू म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या बाळासाठी. दुसऱ्यांदा एका वाक्यासाठी, ज्यावरून तू झरकन पुढे निघून गेलीस: ‘योग्य मापाचा मास्क शोधण्यात थोडा वेळ गेला.’

थोडा म्हणजे किती? दहा सेकंद की दोन मिनिटं? मास्क ट्रॉलीच्या कोणत्या कप्प्यात असायला हवा होता, आणि तो होता कुठे? त्याआधीच्या दहा बाळांच्या वेळी किती वेळ गेला होता? तुला सांगता येणार नाही हे मला माहीत आहे. त्या क्षणी तुझे दोन्ही हात आणि सगळं लक्ष बाळाकडे होतं आणि ते तिथेच असायला हवं होतं. पण तो प्रश्न लेबर रूममध्येच राहिला, तर पुढच्या बाळाच्या वेळीही ‘थोडा वेळ’ जाणार आहे. कदाचित त्या रात्री तुझी ड्युटी नसेल.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. अध्यापकाची जागा घे. पण काही अटी घालून घे. त्या शेवटाकडे सांगते.

आता तुझं ‘पळणं’. मी शिकत होते तेव्हा शॉकमधलं मूल इमर्जन्सीत आलं की आम्ही एकच करायचो. हातपाय गार, नाडी बारीक, नखावर दाबलं की रंग परतायला वेळ लागतोय: शीर मिळव आणि सलाईन ढकल. सिरिंजने, भराभर. पुस्तकात तेच होतं, वरिष्ठ तेच सांगायचे, आणि मूल बऱ्याचदा तासाभरात सुधारलेलं दिसायचं. हात कोमट व्हायचे, नाडी भरायची. डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे मनात शंकेला जागाच नव्हती. नंतर काही मुलं पहाटे जायची. आम्ही म्हणायचो, फार उशिरा आणलं होतं.

२०११ मध्ये ‘फीस्ट’ या चाचणीचे निकाल आले. कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत तीन हजारांहून जास्त मुलं घेतली होती. सगळी तापाने गंभीर आजारी, रक्ताभिसरण ढासळलेली. एका गटाला वेगाने सलाईन, दुसऱ्याला वेगाने अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), तिसऱ्याला फक्त रोजच्या गरजेपुरतं द्रव. पहिल्या ४८ तासांत वेगाने द्रव दिलेल्या दोन्ही गटांत शंभरातली साधारण साडेदहा मुलं दगावली. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात ७.३. चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवावी लागली.

हे लिहितानाही मला सावध राहायला हवं. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुलं त्या चाचणीत नव्हती, त्यांना द्रव लागतंच. शिवाय त्या रुग्णालयांत अतिदक्षतेची सोय जवळजवळ नव्हती, त्यामुळे सगळं असलेल्या ठिकाणी हाच निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण ते आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातून काय झालं असेल? मला ते कधीच कळणार नाही, कारण मी मोजलंच नव्हतं. मी तर रुग्णाजवळच होते. एक पाऊलसुद्धा हलले नव्हते. तरी मला दिसलं नाही, कारण शंभरात तीन मुलांचा फरक खाटेशेजारी उभं राहून दिसत नाही. एका डॉक्टरच्या आयुष्यभराच्या आठवणीतूनही तो हाती लागत नाही. तो दिसतो तुला ज्यांची लाज वाटली त्या रकान्यांतच, आणि तेही ते प्रामाणिकपणे भरले असतील तर.

नवजात बाळांच्या बाबतीत हे आधीही घडलं होतं. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इन्क्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन दिला जायचा. बाळ गुलाबी दिसायचं, सगळ्यांना बरं वाटायचं. पुढे त्यांतली कितीतरी मुलं आंधळी झाली. जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली असं मानलं जातं. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या चाचणीत ते खरं ठरलं. त्यानंतर मात्र लोक इतके धास्तावले की ऑक्सिजन गरजेपेक्षाही कमी द्यायला लागले, आणि त्यापायीही बाळं गेली. नेमका किती द्यावा हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. जन्मताच श्वास न घेणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन नको, साध्या हवेने सुरुवात करा, हे मार्गदर्शक सूचनांमध्ये यायला २०१० उजाडलं. त्या रात्री तू बॅगला ऑक्सिजनची नळी जोडायला धावली नसशील. ते न धावणं तुला कुणाच्या तरी रकान्यांनी शिकवलं आहे.

चिठ्ठीचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तुला तो टोचला याचा मला आनंद आहे. ज्यांना तो टोचत नाही त्यांनी संमतीपत्र घेऊन पालकांसमोर जाऊ नये.

दोन उपचारांपैकी एक चांगला आहे अशी तुझी पक्की खात्री असेल आणि त्या खात्रीला आधारही असेल, तर ते मूल चिठ्ठीत घालूच नकोस. तिथे पाप हाच शब्द योग्य. पण आधार आहे की नुसती सवय आहे, हे आधी तपास. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाचं शरीर ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर थंड ठेवायचं, या उपचाराचं उदाहरण घे. २००५ पासून श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी झालं. मग सगळीकडे होईलच, असं आपल्यापैकी अनेकांना वाटलं, मलाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीच्या काळजीत ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू आणि अपंगत्व मिळून मोजलं तरी फायदा नाही. चाचणी न करता, चिठ्ठी न टाकता, केवळ चांगल्या हेतूने हा उपचार सगळ्यांना दिला गेला असता, तर ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. दुसऱ्यांच्या रुग्णांवर निघालेलं उत्तर आपल्या रुग्णांना लागू पडतं का, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

सहीबद्दल तू म्हणतेस ते बरोबर आहे. कळा देणाऱ्या किंवा मुलाच्या उशाशी थरथरत उभ्या असलेल्या आईला चार पानी कागद वाचायला देणं म्हणजे तिची संमती घेणं नव्हे. प्रसूतीशी संबंधित अभ्यास असेल तर गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच, ती शांत असताना सगळं सांग. इमर्जन्सीत ते शक्य नसतं. तिथे नैतिकता समितीने आधी मंजूर केलं असेल तर दोन टप्पे करता येतात: आत्ता दोन-तीन वाक्यांत सांगून तोंडी होकार, आणि मूल स्थिरावल्यावर निवांत बसून पूर्ण माहिती आणि लेखी संमती. ‘फीस्ट’मध्ये असंच केलं होतं. उपचार करणारी आणि विचारणारी माणसं शक्यतो वेगळी असू देत, कारण ज्या डॉक्टरच्या हातात आपलं मूल आहे तिला नाही म्हणायची आईची छाती होत नाही. आणि ‘नाही म्हणालात तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही’ हे वाक्य उच्चारलंस की ते रात्रपाळीलाही खरं राहतंय ना, ते बघणं तुझं काम.

एक गोष्ट फार थोडे जण करतात, ती तू कर. निकाल लागल्यावर पालकांना कळव. ज्यांचं मूल गेलं त्यांनाही, त्यांची इच्छा असेल तर. त्यांनी दिलेल्या होकारातून काय कळलं हे ऐकण्याचा हक्क सगळ्यांत आधी त्यांचा आहे.

शिकवण्याबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे.

वीस सिस्टरांना मास्क शिकवण्यापेक्षा मी स्वतः असणं बरं, असं तुला वाटतं. तू चोवीस तास असशील का? शंभर बाळांमागे साधारण दहांना जन्मताच श्वासासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना पुसून, पाठ चोळून भागतं, काहींना बॅग-मास्क लागतो. ती मदत पहिल्या मिनिटात हवी असते. त्या मिनिटात बाळाजवळ जे हात असतील तेच कामाचे, आणि ते हात बहुधा सिस्टरचे असतात. तू जिन्यात असतेस.

मुळात आपल्या क्षेत्रातली कितीतरी कामं शिकवण्यातूनच उगवली आहेत. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ. नवजात बाळाची अवस्था कशी ठरवायची, असं एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं आणि त्यांनी हाताशी होता त्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असं सांगतात. १९५३ मध्ये छापून आलेला तो अपगार स्कोर आज जगभरातल्या लेबर रूममध्ये लिहिला जातो. विद्यार्थ्याला उत्तर देता देता पूर्ण शास्त्राला मोजपट्टी मिळाली. तू सराव घेतेस ती बाहुलीसुद्धा अशीच आली. तोंडाने श्वास देण्याची पद्धत लोकांपर्यंत पोचवायला पीटर साफर धडपडत होते, आणि नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये त्यासाठी पुतळा बनवला.

शिकवणं मागे राहिलं की काय होतं तेही ऐक. ऑकलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती कशाने सुरू होते हे मेंढ्यांवर अभ्यासत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू, ज्याने जगायलाच नको होतं, ते श्वास घेताना दिसलं. त्या एका कोकरापाशी ते थांबले. १९७२ मध्ये त्यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह चाचणी प्रसिद्ध केली: अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि मृत्यू कमी होतात. औषध साधं, जुनं. तरी ते सर्रास द्या असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने एकमताने सांगायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत किती बाळं श्वासासाठी झगडून गेली असतील, याचा विचार मी आजही करते. ते उत्तर तोपर्यंत छापून तयार होतं.

आणि कसं शिकवायचं हाही मोजण्याचा विषय आहे, हे तुला पटलं तर तुझ्या त्या महिन्यातून एकदाच्या वर्गाचा कंटाळाही जाईल. टांझानियातल्या हायडम इथल्या रुग्णालयात सुईणी आणि कर्मचाऱ्यांना बाळाच्या पहिल्या श्वासाचं एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारले. प्रत्यक्ष बाळांच्या वेळी मात्र वागण्यात फारसा फरक पडला नाही. तिथले लोक खचले नाहीत, त्यांनी तेही छापलं. मग लेबर रूममध्येच दर आठवड्याला तीन-पाच मिनिटांचा छोटा सराव सुरू केला. जन्मानंतरच्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही.

गडचिरोलीतल्या अभय आणि राणी बंग यांचं काम तू शिकली असशीलच. गावातल्या बायकांना घरोघरी नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं, आणि शिकवून थांबले नाहीत, तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं. १९९९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. हे काम कुणी शिकायचं आणि कुणी नाही, याबद्दलचे कितीतरी डॉक्टरांचे समज त्या आकड्याने मोडले.

आता अटी. विभागप्रमुखांशी बोलताना या आधीच स्पष्ट करून घे. रात्रपाळ्या सोडू नकोस. निदान काही तरी ठेवच, कारण लेबर रूममध्ये पाऊल न टाकणाऱ्या संशोधकाला दोन वर्षांत चुकीचे प्रश्न पडायला लागतात. संशोधनाचे दोन दिवस कागदावर लिहून घे, नाहीतर पहिल्या महिन्यातच ते ओपीडीत वाहून जातील. अभ्यास सुरू करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाशी बोल, माहिती गोळा झाल्यावर नव्हे. अपेक्षेविरुद्ध निकाल आला तरी छापायचा, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घे. ज्या सिस्टर रात्री दोन वाजता तुझे रकाने भरतात त्यांचं नाव शोधनिबंधावर असलं पाहिजे. बढतीसाठी शोधनिबंध मोजण्याच्या शर्यतीबद्दल मी काही लिहीत नाही, तू तिथली नाहीस हे पत्रावरून कळतं.

ते लहान रुग्णालय माझ्याही मनातून जात नाही. तिथे बाळं पाहणारं दुसरं कुणी नाही, हे तू लिहिलंस तेव्हा तुझा हात जड झाला असणार. तू तिथे गेलीस तर काही बाळं वाचतील, हे मी नाकारत नाही. पण तू झोपशील, आजारी पडशील, रजेवर जाशील, आणि त्या रात्री तिथे पुन्हा कुणीच नसेल. त्यांना नुसतं नाही म्हणू नकोस. सुरुवातीला काही दिवस जा, तिथल्या दोन सिस्टर तयार कर, दर आठवड्याला पाच मिनिटांचा सराव त्यांनीच घ्यायचा असं बसव, आणि अडलं की फोन करायला तुझा नंबर भिंतीवर लाव. तुझ्या नव्या जागेतला शिकवण्याचा वेळ यासाठीच वापर. विभागप्रमुख याला नाही म्हणाले तर माझं मत बदलेल, आणि तू मला पुन्हा लिही.

यातलं काहीही ठरायच्या आधी, पुढच्याच ड्युटीला एक कर. लेबर रूममधल्या वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर, घड्याळ असतं. बाळ बाहेर आलं की ते सुरू करायचं आणि पहिला श्वास दिला ती वेळ मोठ्याने म्हणायची, हे काम एका सिस्टरला सोपव. तिने ती वेळ फक्त लिहायची, कुणाला बोल लावायचा नाही. सगळ्या मापांचे मास्क बाहेर काढ आणि एका ठरलेल्या जागी ठेव. तीस बाळांच्या वेळा जमल्या की मला कळव. तोवर तुझ्या त्या ‘थोडा’ या शब्दाच्या जागी एक आकडा आलेला असेल.

तुझी,
सदरलेखिका